तीन प्रवासी, दोन सूर्योदय : अतिदीर्घ उड्डाणांतील बिझनेस क्लासची कुळकथा

१/
पर्थ ते सिलोन. हिंदी महासागरावरून अखंड ५,६०० किलोमीटरहून अधिक अंतर, मध्ये एकही थांबा नाही. वेळ साधारण २८ तास, वारा विरुद्ध असला तर ३२. आणि एवढ्या सायासाने निघालेल्या विमानात प्रवासी किती? तीन.

१९४३ ते १९४५ या काळात क्वांटास या ऑस्ट्रेलियन कंपनीने ही सेवा चालवली. आज सिंगापूर–न्यूयॉर्क किंवा पर्थ–लंडन अशा सतरा-अठरा तासांच्या प्रवासासाठी कोणत्या कंपनीचा बिझनेस क्लास उत्तम, याची तुलना मोठ्या हिरिरीने केली जाते. गादी किती रुंद, जेवण कसे, आसनाला दार आहे की नाही. त्या तुलनेचा वंशवृक्ष मागे मागे नेला, तर तो या तीन आसनांपाशी पोहोचतो. हा धागा त्या वंशवृक्षाचा.

२/
१५ फेब्रुवारी १९४२ रोजी सिंगापूर जपान्यांच्या हाती पडले आणि ऑस्ट्रेलिया व ब्रिटन यांना जोडणारा हवाई मार्ग मधोमध तुटला. टपाल, लष्करी अधिकारी, मुत्सद्दी या सर्वांना पर्यायी वाट हवी होती. ती शोधताना पर्थ शहराजवळच्या स्वान नदीपासून सिलोनमधील गाल शहरानजीकच्या कोग्गला सरोवरापर्यंतची सरळ रेघ निवडली गेली. विमाने होती अमेरिकन बनावटीची पाच कॅटालिना, म्हणजे पाण्यावरून उडणारी आणि पाण्यावरच उतरणारी ‘फ्लाइंग बोट’. त्यांना ताऱ्यांची नावे दिली होती : अल्टेअर, व्हेगा, रायगेल, अँटारेस, स्पायका. नावे शोभेची नव्हती. शत्रूला सुगावा लागू नये म्हणून रेडिओ मुका ठेवावा लागे आणि नाविक खरोखरच ताऱ्यांवरून वाट काढत असे.

३/
आता वजनाचा हिशेब पाहावा, कारण पुढची सगळी कथा याच हिशेबाची आहे.

उड्डाणाच्या वेळी कॅटालिनाचे वजन सुमारे १६ टन भरे. त्यांपैकी सुमारे साडेसहा टन, म्हणजे दोन-पंचमांश, निव्वळ इंधन. जादा टाक्या विमानाच्या पोटात बसवलेल्या. बर्फ काढण्याची यंत्रणा काढून टाकली, आतले उष्णतारोधक अस्तरही काढले, जे जे उचकटता येईल ते उचकटले. एवढे करून उरलेल्या वजनात पाच जणांचा चालकवर्ग, ६९ किलो टपाल आणि तीन प्रवासी. सुरुवातीच्या काही तासांत एक इंजिन बंद पडले असते, तर दुसऱ्याच्या बळावर तेवढे ओझे तोलले गेले नसते.

४/
प्रवाशांना या एका प्रवासात दोन सूर्योदय दिसत. म्हणून या उड्डाणांना ‘डबल सनराइज’ हे नाव पडले आणि ‘द सीक्रेट ऑर्डर ऑफ द डबल सनराइज’ असे प्रमाणपत्रही प्रवाशाला मिळे. जुलै १९४५ पर्यंत असे २७१ वेळा समुद्रोल्लंघन झाले. नंतर ही सेवा कराचीपर्यंत वाढवण्यात आली होती. युद्ध संपताच अमेरिकेशी झालेल्या उसनवारीच्या कराराप्रमाणे ती पाचही विमाने समुद्रात बुडवण्यात आली.

ऊब नाही, कंठाळी आवाज, सभोवती इंधनाच्या टाक्या. याला बिझनेस क्लासचे मूळ म्हणणे विनोदी वाटेल. पण एक गोष्ट ध्यानी घ्यावी. त्या विमानाच्या पोटात आणखी माणसे मावली असती. जागा होती, वजनाला परवानगी नव्हती. अतिदीर्घ उड्डाणात इंधन माणसांना खाली उतरवते आणि मागे रिकामी जमीन सोडून जाते. त्या जमिनीचे काय करायचे, या प्रश्नाला पुढे निरनिराळ्या कंपन्यांनी निरनिराळी उत्तरे दिली. बिझनेस क्लासची खरी तुलना म्हणजे त्या उत्तरांची तुलना.

५/
हा पेच युद्धाने निर्माण केलेला नव्हता. युद्धापूर्वी तो थांब्यांच्या आड झाकलेला होता, इतकेच.

१९३०च्या दशकात पूर्वेकडे जाणाऱ्या श्रीमंत प्रवाशापुढे दोन ठळक पर्याय असत. एक ब्रिटिशांची इंपीरियल एअरवेज, दुसरी डचांची केएलएम. इंपीरियलची हँडले पेज ४२ ही चार इंजिनांची दुपंखी विमाने ताशी साधारण १६० किलोमीटर वेगाने, म्हणजे आजच्या ‘वंदे भारत’च्या वेगाने, कैरो ते कराची मार्गावर संथपणे डुलत जात. आतली बैठक आगगाडीच्या पुलमन डब्यासारखी, जेवण साग्रसंगीत, रात्र हॉटेलात. आजच्या शारजामध्ये १९३२ साली किल्ल्यासारखे विश्रांतिगृह बांधले गेले ते याच प्रवाशांसाठी. डचांची ॲमस्टरडॅम–बटाविया सेवा त्या काळी जगातील सर्वांत लांब नियमित हवाई मार्गांपैकी एक होती, आणि डचांचा कल वेगाकडे होता.

६/
या दोन दृष्टींची जाहीर परीक्षा १९३४ साली झाली. लंडन ते मेलबर्न अशी विमानांची शर्यत लागली. पहिला क्रमांक डी हॅविलंड कॉमेट या खास शर्यतीसाठी घडवलेल्या ब्रिटिश विमानाने सुमारे ७१ तासांत पटकावला. जगाला धक्का बसला तो दुसऱ्या क्रमांकाने. ते होते केएलएमचे ‘उइव्हर’, साधे प्रवासी डीसी-२ विमान. टपाल आणि भाडे भरलेले तीन प्रवासी घेऊन ते कॉमेटनंतर सुमारे १९ तासांनी पोहोचले. (पुन्हा तीन! निव्वळ योगायोग.) शेवटच्या रात्री वादळात वाट चुकल्यावर ऑस्ट्रेलियातील ऑल्बरी गावच्या लोकांनी घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानाभोवती मोटारी उभ्या करून दिव्यांच्या झोतात त्याला उतरवले, आणि सकाळी चिखलात रुतलेले विमान दोर लावून ओढून काढले.

त्याच डिसेंबरमध्ये ‘उइव्हर’ इराकच्या वाळवंटात कोसळले. आतले सातही जण गेले. वेगाची किंमत किती, हा प्रश्न त्या काळी पैशांपुरता नव्हता.

७/
आपल्याकडचा संबंध येथेच येतो. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून पस मॉथ विमान घेऊन अहमदाबादमार्गे मुंबईत जुहूला उतरले. इंपीरियलने कराचीपर्यंत आणलेले टपाल पुढे मुंबई आणि मद्रासला नेण्याची ती व्यवस्था होती. दशकाच्या उत्तरार्धात इंपीरियलच्या मोठ्या फ्लाइंग बोटी आल्या, तेव्हा त्यांना धावपट्टीऐवजी पाणी लागू लागले. कराचीनंतर मेवाडातले राजसमंद आणि मग शिंद्यांच्या ग्वाल्हेर संस्थानातील माधोसागर. साउदॅम्प्टनहून सिडनीला निघालेला साहेब माधोसागराच्या पाण्यावर उतरतो आहे, हे दृश्य आज खरे वाटणार नाही. पण इतके थांबे होते म्हणूनच टाक्या लहान ठेवता येत आणि वाचलेल्या वजनात फिरायला मोकळी जागा असलेली केबिन देता येई. आराम मिळे तो थांबण्यातून.

८/
युद्धानंतर चाकांची विमाने परतली. १ डिसेंबर १९४७ रोजी क्वांटासचे कॉन्स्टेलेशन सिडनीहून लंडनला निघाले : २९ प्रवासी, ११ कर्मचारी, चार दिवस. थांबे डार्विन, सिंगापूर, कलकत्ता, कराची, कैरो आणि त्रिपोली. पुढल्या वर्षी ८ जून १९४८ला एअर इंडिया इंटरनॅशनलचे ‘मलबार प्रिन्सेस’ मुंबईहून कैरो व जिनिव्हामार्गे लंडनला झेपावले. त्यात ३५ प्रवासी होते.

यानंतरच्या तीन दशकांत विमान कंपन्यांची तुलना एका चमत्कारिक बंधनाखाली होत असे. आंतरराष्ट्रीय भाडी ‘आयाटा’ या कंपन्यांच्या संघटनेच्या परिषदेत ठरत, आणि एका मार्गावर एका वर्गाचे भाडे सर्वांचे सारखेच. मग स्पर्धा करायची कशात? खाण्यात, वाइनमध्ये आणि हसतमुखपणात. एअर इंडियाच्या महाराजाची जगभर झालेली कीर्ती या बंधनातच फुलली.

९/
त्यातून एक अफलातून तंटा उद्भवला. १९५८ साली अटलांटिकवर नवा स्वस्त ‘इकॉनॉमी’ वर्ग सुरू झाला. त्यातल्या प्रवाशाला गरम जेवण द्यायचे नाही, फक्त सँडविच द्यायचे, असा नियम ठरला. स्कँडिनेव्हियन कंपनी एसएएसने आपल्या प्रांतातल्या पद्धतीने एकाच पावावर मांस, मासे, कोशिंबिरी यांची रास रचून वाढायला सुरुवात केली. पॅन अ‍ॅमने तक्रार केली की, हे सँडविच नव्हे, ही मेजवानी आहे! सँडविच कशास म्हणावे यावर आयाटाने गंभीरपणे विचार केला आणि एसएएसला दंड भरावा लागला.

हसू येते खरे. पण त्या सँडविचच्या व्याख्येमागे एक भीती होती. स्वस्त आणि महाग वर्गांतली भिंत पातळ झाली, तर महाग तिकीट घेईल कोण?

१०/
अटलांटिकवर जेट येण्याच्या आदल्या वर्षी पिस्टन इंजिनांनी शेवटचा पराक्रम केला. १ ऑक्टोबर १९५७ रोजी टीडब्ल्यूएचे लॉकहीड स्टारलायनर लंडनहून निघाले आणि ध्रुवीय मार्गाने कुठेही न थांबता २३ तास १९ मिनिटांनी सॅन फ्रान्सिस्कोला पोहोचले. आजची जेट विमाने तेच अंतर साधारण अकरा तासांत काटतात. प्रवाशाच्या शरीराने सोसायचा काळ मोजला, तर पुढच्या साठ वर्षांच्या बहुतेक ‘विक्रमी’ उड्डाणांपेक्षा ते उड्डाण कठीण होते.

११/
आता १९७६. बोइंगने जंबो जेटचा पल्ला वाढवायचे ठरवले आणि त्यासाठी जे केले, त्यात या धाग्याचे सार आहे. त्यांनी विमान कापले. ७४७ची लांबी सुमारे १४ मीटरने कमी केली. शरीर लहान झाले, इंधनासाठी वजन मोकळे झाले. हेच ७४७एसपी.

पॅन अ‍ॅमला ते न्यूयॉर्क–टोकियो एका दमात गाठण्यासाठी हवे होते. दक्षिण आफ्रिकेच्या सरकारी विमान कंपनीची निकड वेगळी होती. वर्णद्वेषी राजवटीच्या निषेधार्थ १९६३पासून अनेक आफ्रिकी देशांनी तिच्या विमानांना आपल्या आकाशात मज्जाव केला होता. युरोपला जायचे तर पश्चिम आफ्रिकेच्या फुगवट्याला वळसा घालून अटलांटिकवरून, बहुधा इल्या दो साल या केप व्हर्दच्या बेटावर इंधन घेऊन. मार्च १९७६मध्ये तिचे नवे एसपी अमेरिकेतील कारखान्याहून थेट केपटाउनला आले : १६,५६० किलोमीटर, १७ तास २२ मिनिटे. विमानात ५० माणसे. अन्यायाच्या राजकारणातून लादला गेलेला वळसा यंत्राने मिटवण्याचा तो प्रयत्न होता. अतिदीर्घ पल्ल्याची विमाने हौसेखातर जन्मतात, असे मानणाऱ्यांनी ही तारीख लक्षात ठेवावी.

एसपीची एकूण ४५ विमानेच बनली. लहान शरीर म्हणजे थोडी तिकिटे, आणि खर्च मात्र जंबोचा.

१२/
याच सुमारास ‘बिझनेस क्लास’ जन्मला, आणि तो जन्मला भांडणातून. १९७०च्या दशकात भाड्यांची शिस्त सैल होऊ लागली. सप्टेंबर १९७७मध्ये फ्रेडी लेकर यांची ‘स्कायट्रेन’ लंडन–न्यूयॉर्क मार्गावर अतिस्वस्त तिकिटे विकू लागली, आणि मोठ्या कंपन्यांनाही सवलती द्याव्या लागल्या. परिणाम असा की, कंपनीच्या कामासाठी आयत्या वेळी पूर्ण भाडे भरून निघालेला अधिकारी आणि त्याच्या कितीतरी कमी पैशांत निघालेला सहलीचा प्रवासी एकाच रांगेत, एकच ट्रे मांडीवर घेऊन बसू लागले. पूर्ण भाडे भरणारा चिडला.

उपाय म्हणून इकॉनॉमीच्या पुढच्या भागात एक पडदा ओढण्यात आला. पॅन अ‍ॅमने १९७८ साली ‘क्लिपर क्लास’ काढला. क्वांटासने १९७९ साली ‘बिझनेस क्लास’ हे नावच लावले. सुरुवातीला या वर्गात पडद्याखेरीज फार काही नव्हते. फुकट पेय, कान झाकणारी चांगली यंत्रे आणि शेजारी गर्दी कमी. झोप ही तेव्हा फर्स्ट क्लासची मिरास होती.

१३/
पल्ल्याची शर्यत चालूच होती. १६ ऑगस्ट १९८९ रोजी क्वांटासचे नवे ७४७-४०० ‘सिटी ऑफ कॅनबेरा’ लंडनहून निघाले आणि २० तास ९ मिनिटांनी थेट सिडनीला उतरले. त्यासाठी नेहमीपेक्षा घन असे इंधन मुद्दाम बनवून घेतले होते आणि ते वाया जाऊ नये म्हणून विमान धावपट्टीपर्यंत ओढत नेले होते. तिकीट काढलेला प्रवासी मात्र एकही नव्हता. जवळजवळ रिकामे असल्यामुळेच ते पोहोचू शकले.

नोव्हेंबर २००५मध्ये बोइंगच्या ७७७-२००एलआरने हाँगकाँगहून पूर्वेकडे उडत लंडन गाठले : २१,६०२ किलोमीटर, २२ तास ४२ मिनिटे. आत ३५ माणसे. विक्रमांची ही यादी वाचताना किलोमीटरच्या आकड्याशेजारी माणसांचा आकडा लिहून ठेवावा. पहिला वाढतो तसा दुसरा आक्रसतो.

१४/
मधल्या काळात एक बदल झाला, ज्याने तुलनेची परिमाणेच बदलली. २००० साली ब्रिटिश एअरवेजने आपल्या बिझनेस क्लासमध्ये पूर्ण सपाट होणारी शय्या आणली. शेजारची आसने एकमेकांच्या उलट दिशेला तोंड करून बसवली, म्हणजे एकाच्या पायांच्या अरुंद बाजूला दुसऱ्याचे रुंद खांदे येतात आणि जागा वाचते. अनोळखी माणसाच्या चेहऱ्याकडे पाहत उड्डाण करायचे, यावर पुष्कळ कुरकुर झाली. पण झोप मिळाली. त्या काळी इतर अनेक कंपन्यांची ‘शय्या’ उतरती असे, आणि प्रवासी रात्रभर हळूहळू पायांकडे घसरत राहात. पुढे काही वर्षांत सगळ्यांनाच सपाट व्हावे लागले.

सपाट शय्येला जमीन लागते. तिच्या जागेत इकॉनॉमीची साधारण तीन आसने बसू शकतात. सहा-सात तासांच्या उड्डाणात ही तीन आसने सोडणे म्हणजे खरा त्याग. सतरा तासांच्या उड्डाणात हिशेब उलटतो. त्या तीन आसनांवर माणसे बसवली, तरी त्यांचे वजन नेण्याइतके इंधन विमानात मावत नाही. जमीन रिकामीच राहणार. मग ती एकालाच का विकू नये?

१५/
हा विचार प्रथम तडीस नेला तो सिंगापूर एअरलाइन्सने. त्या काळातली दोन उड्डाणे शेजारी ठेवून पाहण्यासारखी आहेत, कारण विमान एकाच जातीचे होते : चार इंजिनांचे एअरबस ए३४०-५००.

सिंगापूरने जून २००४मध्ये सिंगापूर–नेवार्क थेट सेवा सुरू केली. अंतर १५,३४४ किलोमीटर, वेळ साडेअठरा तासांच्या आसपास. आसने १८१ : बिझनेसची ६४, बाकी थोडी ऐसपैस इकॉनॉमी. थाई एअरवेजने २००५ साली बँकॉक–न्यूयॉर्क सुरू केले आणि त्याच विमानात २१५ आसने बसवली, त्यांत बिझनेसची ६०. सेवेच्या बाबतीत दोन्ही कंपन्या नावाजलेल्या. ऑर्किडची फुले थाईची, सारोंग नेसलेल्या परिचारिका सिंगापूरच्या. प्रवाशांच्या चर्चा याच गोष्टींवर रंगत.

१६/
निकाल मात्र फुलांनी लावला नाही. जुलै २००८मध्ये खनिज तेलाचा भाव पिंपाला १४७ डॉलरवर गेला. लांबच्या उड्डाणात विमान बराच काळ स्वतःचेच इंधन वाहून नेण्यासाठी इंधन जाळत असते, त्यामुळे तेल महागले की पहिला घाव अतिदीर्घ मार्गांवर पडतो. थाईने त्याच महिन्यात न्यूयॉर्क सेवा बंद केली. सिंगापूरने उलट टोक गाठले. १८१ आसने काढली आणि संपूर्ण विमानात फक्त १०० बिझनेस आसने बसवली. इकॉनॉमी शून्य.

पाच वर्षे हे चालले. बँकवाले, वकील, तेल कंपन्यांचे अधिकारी रात्री सिंगापुरात चढत आणि न्यूयॉर्कच्या सकाळी कामाला हजर होत. अखेर चार इंजिनांची भूक शंभर श्रीमंतांनाही भागवता आली नाही, आणि नोव्हेंबर २०१३मध्ये ती सेवाही थांबली. विमाने एअरबसने परत घेतली.

जाता जाता : या विमानांत प्रवासात मृत्यू आला तर मृतदेह ठेवण्यासाठी एक स्वतंत्र कप्पा होता. अठरा तास मध्ये कुठे उतरायचे नाही, असे गृहीत धरले की अशाही गोष्टींचा विचार आधी करावा लागतो.

१७/
मुंबईचे उत्तर तिसरेच होते. १ ऑगस्ट २००७ रोजी एअर इंडियाने मुंबई–न्यूयॉर्क थेट सेवा बोइंग ७७७-२००एलआरने सुरू केली. त्या काळी जगातील सर्वाधिक पल्ल्याच्या या विमानात २३८ आसने : फर्स्टची ८, बिझनेसची ३५, आणि इकॉनॉमीची तब्बल १९५. सिंगापूरने ज्यांना उतरवले, त्यांनाच एअर इंडियाने बसवले.

व्यापारी दृष्टीने यावर टीका करणे सोपे आहे. पण त्या १९५ आसनांवर कोण बसे, तेही पाहिले पाहिजे. शिकायला निघालेली मुले. न्यू जर्सीत लेकीच्या बाळंतपणाला निघालेली आई, आयुष्यात प्रथमच देशाबाहेर पाऊल टाकणारे वडील. लंडन किंवा फ्रँकफर्टला विमान बदलणे, परक्या भाषेत दार शोधणे, धावत दुसऱ्या टोकाला जाणे, हे ज्यांच्यासाठी संकट होते, त्यांच्यासाठी थेट उड्डाण ही चैन नव्हती. मुंबईत बसले की न्यूयॉर्कला उतरले. बिझनेस क्लासच्या तुलनेत एअर इंडिया त्या काळी खालच्या पायरीवर गणली जाई, आणि ते गैर नव्हते. तरी थेटपणाचे मोल केवळ शय्येच्या रुंदीने मोजणाऱ्या तुलनेत हे प्रवासी कुठेच दिसत नाहीत, हेही खरे.

अशा आठ विमानांपैकी पाच एअर इंडियाने पुढे एतिहाद कंपनीला विकली.

१८/
सिंगापूर पुन्हा आले ते ११ ऑक्टोबर २०१८ रोजी, दोन इंजिनांच्या ए३५०-९००यूएलआरसह. या विमानाचा ताळेबंद मांडून पाहू. उड्डाणाचे कमाल वजन २८० टन. टाक्यांत १,६५,००० लिटर इंधन, म्हणजे साधारण १३२ टन. एकूण वजनाच्या निम्म्याला थोडे कमी. प्रवासी १६१ : बिझनेस ६७, प्रीमियम इकॉनॉमी ९४, साधी इकॉनॉमी नाही. सामानासह माणशी १०० किलो धरले, तरी सगळ्या प्रवाशांचे मिळून वजन १६ टन. सहा टक्क्यांच्याही आत. कॅटालिनाच्या तीन प्रवाशांचा वाटा दोन टक्क्यांच्या जवळपास होता. पाऊण शतकाच्या प्रगतीने एवढेच अंतर कापले.

ते अंतर कमी लेखण्याचे मात्र कारण नाही. कार्बन तंतूंनी बांधलेल्या या विमानांत केबिनमधील हवेचा दाब सुमारे १,८०० मीटर उंचीवरच्या हवेइतका ठेवता येतो. जुन्या विमानांत तो २,४०० मीटरचा असे. हवेत ओलावाही थोडा अधिक राहतो. अठरा तासांनंतर डोके हलके राहण्यात या गोष्टीचा वाटा जेवणाच्या यादीपेक्षा मोठा असतो, आणि तो मागच्या शेवटच्या रांगेपर्यंत सारखाच पोहोचतो.

१९/
क्वांटासने २४ मार्च २०१८ला पर्थ–लंडन सुरू केले : १४,४९८ किलोमीटर, बोइंग ७८७-९, आसने २३६, त्यांत बिझनेस ४२ आणि इकॉनॉमी १६६. कतार एअरवेजने त्याआधी फेब्रुवारी २०१७मध्ये दोहा–ऑकलंड हा १४,५३५ किलोमीटरचा मार्ग उघडला, आणि त्याच वर्षी सरकते दार असलेला ‘क्यूस्वीट’ हा बिझनेस कप्पा जगापुढे मांडला. दार लावून घेण्याची सोय अल्पावधीत इतकी प्रतिष्ठेची ठरली की, १९७८च्या त्या पडद्याची आठवण व्हावी. तेव्हा वर्गावर्गांत पडदा आला होता, आता प्रवाशाप्रवाशांत दार आले.

पण कतार आणि क्वांटास यांच्या मार्गांवर इकॉनॉमी टिकली, सिंगापूरच्या मार्गावर नाही, याचे कारण औदार्यात शोधू नये. चौदा हजार आणि पंधरा हजार किलोमीटर यांमधल्या शेवटच्या हजार किलोमीटरचे इंधन फार महाग पडते. अंतराचा प्रत्येक पुढचा टप्पा मागच्यापेक्षा अधिक माणसांना खाली उतरवतो.

२०/
आणि आकाश नेहमी उघडे असतेच असे नाही. फेब्रुवारी २०२२मध्ये युक्रेन युद्ध सुरू झाल्यावर रशियाची हवाई हद्द पाश्चात्त्य कंपन्यांना बंद झाली. फिनएअरचे हेलसिंकी–टोकियो उड्डाण नऊ-साडेनऊ तासांवरून तेरा तासांवर गेले. अमेरिकेच्या युनायटेड कंपनीने नेवार्क–मुंबई सेवा थांबवली. रशियावरून उडण्याची मुभा राहिलेल्या एअर इंडियाला काही काळ त्याचा लाभ झाला. मग एप्रिल २०२५मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आपली हद्द बंद केली, आणि तिची उत्तर अमेरिकेकडे जाणारी काही ‘थेट’ उड्डाणे इंधनासाठी व्हिएन्ना किंवा कोपनहेगनला उतरू लागली. ज्या कराचीत १९३२ साली टाटांच्या हाती इंपीरियलचे टपाल सोपवले गेले, त्या कराचीवरून आता जाताही येत नव्हते. अशा वेळी कोणत्या कंपनीची गादी मऊ, या प्रश्नाआधी दुसरा प्रश्न येतो : कोणत्या कंपनीला सरळ जाता येते?

२१/
सध्याचा सर्वांत मोठा डाव क्वांटासचा आहे, आणि त्याचे नाव ‘प्रोजेक्ट सनराइज’. नाव कॅटालिनांच्या स्मरणार्थच घेतलेले. सिडनीहून लंडन आणि न्यूयॉर्क, एका दमात, २२ तासांपर्यंत. २०१९ साली त्यासाठी चाचणी-उड्डाणे झाली. न्यूयॉर्क–सिडनी १९ तास १६ मिनिटांत, आत ४९ माणसे. सिडनी विद्यापीठातील संशोधकांनी तेव्हा दिव्यांचा प्रकाश, जेवणाची वेळ आणि हालचाल यांचा झोपेवर होणारा परिणाम तपासला. मे २०२२मध्ये १२ ए३५०-१००० विमानांची मागणी नोंदवली गेली. त्यानंतर तारीख अनेकदा पुढे गेली आहे.

या विमानात मागच्या बाजूला २०,००० लिटरची जादा टाकी आहे. तीनशेहून अधिक आसने सहज मावणाऱ्या या शरीरात क्वांटासने २३८ ठरवली : फर्स्ट ६, बिझनेस ५२, प्रीमियम इकॉनॉमी ४०, इकॉनॉमी १४०. इंधनाने मोकळ्या केलेल्या जमिनीचा एक तुकडा कोणालाच विकलेला नाही. प्रीमियम आणि इकॉनॉमी यांच्या मधोमध उभे राहून हातपाय ताणण्यासाठी, पाणी पिण्यासाठी ती जागा राखली आहे, आणि ती मुख्यतः मागे बसणाऱ्या प्रवाशांच्या कामी येणार आहे. बिझनेसच्या ५२ जणांना पडायला शय्या आहेच. उरलेल्या १४० जणांना २२ तास बसून काढता येतील का, याचे उत्तर पहिले नियमित उड्डाण उतरेल तेव्हा त्यांच्या पायांना विचारावे लागेल.